एकशे पंचावन्न टक्के

"फिनलंडला मागं टाकलं म्हणे आपण! आणि माझ्या वर्गात पोरी हातमोजे घालून नकाशे रंगवतायत. फिनलंडातली शेगडी असा धूर करत असेल का गं?"

आवाज कोटांच्या खुंट्यांपलीकडून आला. अलीकडे दोम्निका बाई वाकून चिखलाचे बूट काढत होत्या. एक बूट निघाला होता, दुसरा हट्टाला पेटला होता.

"हळू बोला. ऐकतील," दुसरा आवाज म्हणाला. हा शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फेव्रोनियाचा.

"ऐकू दे. तिला भिंतीवरची पट्टी दिसते, धूर दिसत नाही."

दोम्निका बाईंनी दोन कोट बाजूला सारून मधून डोकं काढलं. "दोन्ही दिसतात, पेलागिया. म्हणून तर मी मुख्याध्यापिका झाले आणि तू भूगोलात राहिलीस."

पेलागिया दचकली नाही. तीस वर्षं एका शाळेत काढल्यावर माणूस कोटांमधून आलेल्या डोक्याला दचकत नाही. "मग शेगडीचं बघा," एवढंच म्हणून ती नकाशांची गुंडाळी काखेत मारून निघाली.

त्या पट्टीची गोष्ट अशी. गेल्या वर्षी कुठल्याशा मोठ्या अहवालात निरनिराळ्या देशांची तुलना आली होती. दहावी ते बारावीच्या वयाच्या मुलींपैकी किती मुली खरोखर शाळेत आहेत, याची. शेवटच्या पानांवर आपल्या मोल्दोव्हातल्या खोऱ्याखोऱ्यांचे आकडे होते, आणि त्यात आपलं चिरेशानीचं खोरं सगळ्यांच्या वर. दोम्निका बाईंनी त्याच आठवड्यात मुलींना बसवून रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या. फिनलंडची निळी, इटलीची हिरवी, पोर्तुगालची लाल, आणि चिरेशानीची पिवळीधमक, फिनलंडपेक्षा चांगली वीतभर लांब. पाहुणा आला की बाई त्याला आधी त्या भिंतीपुढं उभा करत आणि मगच खुर्ची देत.

आज तर राजधानीतून, थेट आकडेवारीच्या कार्यालयातून, पाहुणी येणार होती. ती अभिनंदनाला येते आहे याबद्दल दोम्निका बाईंच्या मनात शंका नव्हती. शंका हा प्रकारच त्यांना फारसा माहीत नव्हता. फेव्रोनियानं सकाळपासून भोपळ्याचं सारण भरलेल्या पोळ्या, प्लाचिंता, लाटायला घेतल्या होत्या आणि बाईंनी कोटावर नवं मर्त्सिशोर लावलं होतं, लाल-पांढऱ्या दोऱ्याचं, मार्चात वसंताच्या शकुनाला लावतात ते.

पाहुणी निघाली ओतिलिया नावाची, तिशीच्या आतली, लहानखुरी, एका खिडकीची काच न चढणाऱ्या गाडीतून आलेली. तिनं पट्ट्यांची भिंत नीट पाहिली, पिवळ्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दहावीचा वर्ग बघू शकते?"

"बघ की! वर्ग बघ, मुली बघ," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नुसता उत्सव होता.

वर्गात पेलागिया हजेरी घेत होती.

"बुझोर आंका."

"हजर."

"चेबान इलिंका."

"सध्या आईकडे," वर्गानं सवयीनं उत्तर दिलं. चेबान इलिंका म्हणजे दोम्निका बाईंची नात. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कोझ्मा दायाना. कोझ्मा लुमिनित्सा."

"सध्या आईकडे. सध्या आईकडे." या दोघी फेव्रोनियाच्या नाती.

"मोरारु स्मरांदा."

या नावाला कुणीच काही बोललं नाही. पेलागियानं मान वर केली, खाली केली आणि पुढचं नाव घेतलं.

"या आया कामाला कुठं असतात?" ओतिलियानं हळूच विचारलं.

वर्ग एकदम खुलला, अर्धी इटली ओरडून सांगू लागला. "पादोव्हा!" "बोलोन्या!" "माझी मावशी लिस्बनला!" "ब्रेशा, बाई, ब्रेशा राहिलं!" भूगोलाच्या कुठल्याच तासाला पेलागियाला इतकी उत्तरं मिळाली नव्हती.

कार्यालयात आल्यावर ओतिलियानं प्लाचिंता हातात घेतली, एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि मग दप्तरातून कागद काढला. "बाई, हा अपूर्णांक जरा..."

"पोरी, मी गणित शिकवते. अपूर्णांक मला दाखवू नकोस."

"मग तुम्हीच सांगा. वर काय लिहायचं?"

"वर शाळेच्या पटावरच्या मुली. एकतीस."

"आणि खाली?"

"खाली गावात राहणाऱ्या त्या वयाच्या मुली. जनगणनेवाले घरोघर फिरून गेले ना. वीस."

"विसातून एकतीस मुली शाळेत कशा आल्या, बाई?"

दोम्निका बाईंनी पापणीही हलवली नाही. "आमच्या मुली हुशार आहेत."

ओतिलिया तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला. बाईंनी तिच्या पाठीवर चापट्या मारल्या, जरा जास्तच जोरात.

"एकशे पंचावन्न टक्के," श्वास परत आल्यावर ती म्हणाली. "नापास होऊन मागं राहिलेल्या मोठ्या मुली धरल्या तर शंभराच्या थोडं वर जातं एखाद्या ठिकाणी, ते मी समजू शकते. पण हे! माझ्या साहेबांना वाटलं, मीच काहीतरी चुकीचं टंकलंय."

"त्यांना इकडं पाठव. मी समजावते."

"त्यांना नको, मला समजवा. वर्गावर्गात जाऊन मी आज मुली मोजल्या. सतरा भरल्या. तेरा जणी..."

"सध्या..."

"आईकडे. कळलं." ओतिलियानं कागद उलटा केला. "पण त्या तेरा जणी तिकडंही शाळेत जातात. तिकडच्या पटावर आहेत, तिकडच्या जनगणनेत आहेत, वर आहेत, खाली आहेत. मी दोन देश शेजारी मांडून बसते आणि एकच मुलगी मला दोन्हीकडून हात वर करून दाखवते. मी तिला कुठं धरू?"

गणिताच्या बाईला हे गणित कळत नव्हतं असं कुणी समजू नये. पिवळी पट्टी कापायला देताना कात्री हातात धरूनच त्यांना ते कळलं होतं. माणसाला स्वतःच्या घरातला एखादा जिना अंधारातही पाठ असतो, आणि म्हणूनच तो तिकडं फिरकत नाही, तसं काहीसं.

"हे बघ बाळ," त्या म्हणाल्या, "चिरेशानीत कुणी मुलीचा दाखला काढायला येत नाही. आई बसमध्ये बसते, मुलगी बसमध्ये बसते, ब्लँकेटंसुद्धा बसमध्ये बसतात. दाखला माझ्या कपाटात राहतो. दाखला नेला म्हणजे पोर गेलीच ना? म्हणून कुणी नेत नाही. मग मी तरी कशाला नाव कमी करू?"

"तेरा जणींची मला काळजीच नाही, बाई. त्या कुठंतरी शाळेत आहेत." ओतिलिया आता हसत नव्हती. "विसातून सतरा गेल्या. तीन उरल्या. त्या तिघी गावातच आहेत आणि शाळेत नाहीत. एकशे पंचावन्नच्या मागं उभ्या राहिल्या तर त्या दिसणार कुणाला?"

बाहेर पेलागियाचा वर्ग सुटला, जिन्यावरून पावलं उतरली. दोम्निका बाईंनी चहाचा कप बशीवर नीट मधोमध ठेवला.

"एकीचं लग्न झालं. एक मामाच्या दुकानात बसते. आणि तिसरी स्मरांदा. वरच्या वाडीची. नाव पटावर आहे, पण नाताळपासून येत नाही."

"का?"

"रस्ता. सकाळी अंधारात निघायचं, ओढा ओलांडायचा. यंदा दोनदा ओढ्यात पडली. आजोबांची कंबर गेलीय, ते सोबत येऊ शकत नाहीत, एकटीला सोडत नाहीत. मी जिल्ह्याकडं बस मागते, दरवर्षी मागते. दरवर्षी उत्तर येतं की आपल्या खोऱ्याची टक्केवारी अत्यंत समाधानकारक आहे." हे शेवटचं वाक्य बोलताना बाईंचा आवाज पहिल्यांदा जरासा खाली आला.

"यंदाची बस शेजारच्या सालचेत खोऱ्याला गेली ना?"

"सालचेतला! त्यांच्या निम्म्या मुली घरी बसतात!"

"म्हणूनच गेली," ओतिलिया म्हणाली. "पंच्याण्णवच्या खाली असेल त्या खोऱ्याला बस मिळते. तुमचा खरा आकडा विसात सतरा. पंच्याऐंशी. म्हणजे ती बस तुमचीही होती."

मग दोम्निका बाई उठल्या. "बूट आहेत का तुझ्याकडे? खरे बूट, राजधानीचे नव्हे."

वरच्या वाडीला जाताना गाडी ओढ्याशी थांबली ती थांबलीच. पुढं दोघी चालत गेल्या. बाई पुढं, कोटाची टोकं वर धरून, आणि ओतिलिया मागं पेलागियाच्या उसन्या बुटांत, दर दोन पावलांनी एक बूट चिखलात सोडत.

स्मरांदा कुंपणाला बाहेरून निळा रंग देत होती. बाईंना बघून तिनं ब्रश पाठीमागं लपवला, जसा काही कुंपण रंगवणं हा गुन्हा होता.

"पाठवलेली उदाहरणं सोडवलीस?"

"सोडवली. सातवं चुकीचं छापलंय, बाई."

"चुकीचं नाही छापलेलं."

"छापलंय. दोन्ही बाजूंनी करून बघितलं."

बाईंनी जागेवरच बोटानं हवेत उदाहरण मांडलं, ओठ हलले, थांबले. "छापलंय," त्यांनी मान्य केलं आणि ओतिलियाकडं अशा नजरेनं पाहिलं की बघ, हिला घरी बसवलंय.

तनासे आजोबा काठी टेकत दारात आले. त्यांनी पाहुणीला नमस्कार केला आणि बाईंशी भांडण सुरू केलं. "पुन्हा आलात का? मी सांगितलं ना. गाडी आणा, पोर घेऊन जा. मी काय तिला डांबून ठेवलंय? ओढ्यानं ठेवलंय."

"आजोबा, पायी पाठवलं तर..."

"तुमची नात पाठवाल?"

स्मरांदानंच मध्ये तोंड घातलं. "आजोबा, त्यांची नात इटलीत ट्रामनं जाते शाळेत. फोटो बघितलाय मी." मग ती ब्रशकडं बघत म्हणाली, "मला ट्राम नको. साधी बस चालेल."

परतताना ओढ्यापाशी बाई म्हणाल्या, "नावं कमी केली की बस येईल?"

"या महिन्याच्या अखेरीला आकडे बंद होतात. तोवर झालं, तर उन्हाळ्याआधी येईल."

"आणि वर्ग बंद नाही ना करणार? मुली कमी म्हणून?"

"इतक्या दूरच्या शाळेला सवलत आहे. फक्त ती मागावी लागते, आणि मागायला खरा आकडा लागतो. पण नावं मी खोडू शकत नाही, बाई, तुम्हीही नाही. दाखला पालकानं मागायला हवा. आया परदेशात, म्हणजे इथं ज्यांच्या नावावर पालकत्व आहे त्यांनी."

"आज्यांनी."

"आज्यांनी."

बाईंनी एकवार आकाशाकडं पाहिलं. संध्याकाळी पेलागियाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आज्यांपेक्षा फिनलंड सोपं होतं."

पण दोम्निका बाईंना वाटलं, होऊन जाईल. बस कुणाला नको आहे? त्यांनी रविवारी, चर्च सुटल्यावर, सगळ्या आज्यांना शाळेच्या जेवणघरात बोलावलं. ओतिलिया राजधानीत परत गेली होती, पण अर्ज देऊन गेली होती, आणि पेलागियानं ते बाकांवर मांडून ठेवले, शेजारी एकेक पेन. आज्या आल्या. काळे, फुलांचे डोईरुमाल, हातांना मेणबत्त्यांचा वास. काहींनी येताना शनिवारी इटलीहून येणाऱ्या बसनं आलेल्या खोक्यांतली कॉफी आणली होती, पोरींनी पाठवलेली, कारण रिकाम्या हातानं शाळेत कसं यायचं?

बाईंनी उभं राहून झकास भाषण केलं. अपूर्णांक सांगितला, सालचेतची बस सांगितली, स्मरांदाचा ओढा सांगितला. आज्यांनी माना डोलावल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले.

"मग करा सह्या," बाई म्हणाल्या.

एकही हात पेनाकडं गेला नाही.

"गरीब पोर," एक आजी म्हणाली. "तिला बस मिळायलाच हवी. पण माझी अलेक्सांद्रा उन्हाळ्यात यायचीय. आल्यावर तिचं नावच नसेल तर?"

"उन्हाळ्यात सगळ्याच येतात," पेलागिया म्हणाली. "आणि उन्हाळ्यातच जातात."

"तू गप्प बस, तुला पोर नाही."

"म्हणून तर मला मोजता येतं."

"दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहा ना," दुसरी म्हणाली. "बसच्या कागदावर नाहीत म्हणा, शाळेच्या कागदावर आहेत म्हणा. शिकलेल्या बायका तुम्ही, एवढं जमत नाही?"

मग फेव्रोनिया उठली. ती कधी सभेत बोलत नसे. तिचं बोलणं सगळं वाफेत आणि डावांच्या आवाजात होई. आज तिनं ॲप्रन काढून ठेवला होता, त्यामुळं ती थोडी परकी दिसत होती.

"बाई, मी आत्ता चर्चमधून आलेय. पाद्रीबाबांना प्रार्थनेचा कागद दिला, दर रविवारी देते. एका बाजूला जिवंतांची नावं, एका बाजूला गेलेल्यांची. दायाना, लुमिनित्सा, त्यांची आई, सगळ्या जिवंतांच्या बाजूला. पाद्रीबाबा मोठ्यानं वाचतात आणि मला तेवढा आठवडा जातो." ती थांबली. "जिवंतांच्या कागदावरून नाव काढतात ते कधी, ते तुम्हाला माहीत आहे. आणि तुम्ही मला सांगता, ये, सही कर, दोघींची काढ. माझ्या हातानं."

"फेव्रोनिया, शाळेचा पट आहे तो. चर्चचा नाही."

"मला तर तसाच वाटतो. पेलागिया बाई नावं वाचतात ना सकाळी, मी खिडकी उघडी ठेवते स्वयंपाकघराची. वाफ जायला म्हणतात सगळे."

चुलीवर सुपाचं झाकण हलत होतं. बाईंकडं मुद्दे होते, एकापेक्षा एक चांगले. त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्या रांगेतली अलेक्सांद्राची आजी, त्यांचं बोलणं आधीच तोडत, साध्या चौकशीच्या सुरात म्हणाली,

"आणि तुमची इलिंका? तिचा अर्ज कुठाय?"

पेलागियानं अर्ज मोजून मांडले होते. बारा. तेरावा, इलिंकाचा, बाईंच्या पर्समध्ये होता, कोरा. बाईंनी तो सकाळी घेतला होता, आधी बाकीच्या सह्या होऊ देत म्हणून. शेवटी आपला. शेवटी करता येईल, अशी त्यांची खात्री होती, जशी खात्री त्यांना कशाचीही असे.

त्यांना मागच्या रविवारचा फोन आठवला. इलिंका पादोव्हाच्या स्वयंपाकघरात उभी होती, केस कापलेले, शाळेतल्या नाटकाबद्दल भराभर बोलत होती, आणि मध्येच अडली. "आजी, ते काय म्हणतात, ज्यात विहिरीतून पाणी काढतात?" "बादली," बाई म्हणाल्या. "हां, बादली!" इलिंका हसली होती. बाईही हसल्या होत्या. नंतर त्यांनी घराची वरची खोली झाडली. जावयानं बांधलेली, पडदे लावलेली, कुणी न झोपलेली. दर रविवारी त्या ती झाडत आणि पलंगावर चादर बदलत, आणि याला त्या स्वच्छता म्हणत.

सगळ्या आज्या त्यांच्याकडं बघत होत्या. रागानं नाही. बाई काय करतात ते आपणही करू, अशा नजरेनं. तीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. शाळेचा रंग कुठला, लसीकरण कधी, मुलीला पुढं शिकवायचं की नाही, बाई म्हणतील ते. आणि बाईंनी आजवर त्यांना हवं ते म्हणून दाखवलं होतं.

दोम्निका बाईंनी पर्स उघडली. अर्ज काढला, बाकावर ठेवला, कडा सरळ केल्या. पेलागिया पुढं झाली, पेन द्यायला की धरायला, ते तिचं तिलाच कळलं नसावं. बाईंनी तिच्या हातातून पेन घेतलं, सही केली, तारीख घातली, आणि फळ्यापुढं उभं राहून उत्तर सांगावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"इलिंका तिकडं आनंदात आहे, चांगली शिकते आहे, आणि ती परत यायची नाही. फेव्रोनिया, तुझ्याही पोरी जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि त्याही परत यायच्या नाहीत. कुणाचीच यायची नाही."